साबण इथं, साहेब तिथं

खामगावात हिंदुस्थान युनिलिव्हरचा साबणाचा कारखाना आहे. कंपनीचं नाव २००७ मध्ये बदललं, पण आमच्याकडची जुनी माणसं अजून ‘हिंदुस्थान लिव्हर’च म्हणतात. याच कंपनीला उद्योगजगतात आणखी एक नाव आहे, ‘सीईओंचा कारखाना’. इथं तयार झालेली माणसं देशातल्या आणि परदेशातल्या कितीतरी कंपन्यांच्या सर्वोच्च खुर्चीत जाऊन बसली. सुधीर सीतापती यांनी २०१९ मध्ये या कंपनीवर लिहिलेल्या पुस्तकाचं नावही तेच आहे. म्हणजे कारखाने दोन झाले. एकात साबण तयार होतो, दुसऱ्यात साहेब. साबणाचा कारखाना आमच्या गावात आहे. साहेबांच्या कारखान्याचा कच्चा माल मात्र देशातल्या मोजक्या, नावाजलेल्या व्यवस्थापन संस्थांमधून उचलला जातो.

या कंपनीनं कुणावर अन्याय केला असा माझा दावा नाही. उलट इतर ठिकाणी जे झाकून चालतं ते ती उघडपणे करते, म्हणून तिचं उदाहरण घेतो आहे. मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून निवडलेल्या मुलाला किंवा मुलीला पहिलं वर्षभर आणि त्याहूनही जास्त काळ सगळीकडे फिरवलं जातं. कधी विक्रीत, कधी कारखान्यात, कधी खेड्यात. उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यात तर एकेकाळी ट्रेनींना काही आठवडे गावकऱ्यांच्या घरी मुक्काम करावा लागे. पाठीशी एखादा अनुभवी वरिष्ठ असतो. चुका झाल्या तर त्या शिकण्याचा भाग धरल्या जातात. मग पंचविशीतच मोठी जबाबदारी हातात येते, आणि चाळिशीत त्या माणसाकडे पाहून आपण म्हणतो, ‘काय नेतृत्व आहे!’

पद्धत उत्तम आहे. माझा प्रश्न तिच्या क्रमाबद्दल आहे. इथं संधी आधी मिळाली आणि नेतृत्व नंतर आलं. आपल्याला मात्र आयुष्यभर उलटा क्रम शिकवला जातो: आधी लायक व्हा, मग संधी मिळेल. शिवाय आणखी एक गंमत आहे. खेड्यात राहून तिथली माणसं, त्यांचा पैसा, त्यांची पाण्याची अडचण समजून घेणं हे जर मोठ्या साहेबाला लागणारं ज्ञान असेल, तर ते आमच्या पोरांकडे जन्मजात आहे. दुसऱ्याला ते खर्च करून शिकवतात, आणि आमच्या अंगात ते आधीपासून असलं की त्याला गावंढळपणा म्हणतात.

वरिष्ठ पदावर माणूस कशामुळे पोचतो, याचं मराठीतलं ठरलेलं उत्तर आपल्याला पाठ आहे. जिद्द, मेहनत, इंग्रजी, आत्मविश्वास आणि जोखीम घ्यायची तयारी. तालुक्याच्या गावात व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं भरतात. तिथला वक्ता सांगतो की, तुमच्यात गुण आहेत, फक्त तुम्हाला ते ‘प्रेझेंट’ करता येत नाहीत. मोठ्या शहरात हाच माल जरा भारी वेष्टनात मिळतो: मराठी माणूस वरच्या खुर्चीत का दिसत नाही, यावर चर्चा. तो नोकरी धरून बसतो, तो घरकोंबडा आहे, त्याला वरणभात सुटत नाही. कुठलंही उत्तर घ्या, दोष शेवटी त्या माणसाच्या आतच सापडतो. कंपनीच्या आत काय चाललं आहे, हे कुणी उघडून बघत नाही.

‘मराठी माणूस’ ही तक्रार तर पहिल्याच तपासणीत निकालात निघते. हिंदुस्थान लिव्हरच्या अध्यक्षपदी १९६८ ते १९७३ या काळात वसंत राजाध्यक्ष होते. २००८ मध्ये याच कंपनीची सूत्रं नितीन परांजपे यांच्याकडे आली. ते इंजिनिअर, त्यावर मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेतून एमबीए, आणि १९८७ मध्ये मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून कंपनीत आलेले. मराठी माणूस वर पोचतो, आणि दोन-दोनदा पोचला. म्हणून प्रश्न मराठी की अमराठी हा नाहीच. कुठला मराठी माणूस, कुठल्या दारानं आत आला आणि आत आल्यावर त्याला कोणतं काम देण्यात आलं, हा आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. वरिष्ठ पदासाठी लागणारी लायकी ही बहुतांशी त्या पदाकडे नेणारी कामं करूनच तयार होते. ती कामं कुणाला द्यायची हे लायकी दिसायच्या आधी ठरतं. आणि ते ठरवताना दार, ओळख, बोली, जात आणि घरचा खिसा या गोष्टी मोजल्या जातात. नंतर त्या सगळ्याला ‘मेरिट’ असं एकच नाव देऊन हिशेब बंद केला जातो.

हा क्रम काही सॉफ्टवेअरवाल्यांनी शोधलेला नाही. १८५५ पासून आयसीएससाठी स्पर्धापरीक्षा सुरू झाली. कागदोपत्री ती सगळ्यांना खुली होती, पण भरायची लंडनला. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर ती पार करणारे पहिले भारतीय ठरले. १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा तिच्या मागण्यांत एक मागणी होती की, ही परीक्षा इंग्लंडबरोबर हिंदुस्थानातही घ्या. ती मान्य होऊन भारतात परीक्षा सुरू व्हायला १९२२ साल उजाडलं. मधल्या काळात भारतीय उमेदवार थोडे, याचं साहेबी स्पष्टीकरण काय होतं? चारित्र्य, कणखरपणा, नेतृत्वगुण कमी. परीक्षेचं ठिकाण बदलल्यावर हे गुण भारतीयांत अचानक कुठून आले, हे कुणी विचारलं नाही.

लिव्हरचीच गोष्ट बघा. प्रकाश टंडन १९३७ मध्ये कंपनीत आले तेव्हा व्यवस्थापक म्हणून भारतीय माणूस घेणं हीच नवलाई होती. १९६१ मध्ये ते कंपनीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. चोवीस वर्षांत भारतीय मेंदूत काही फरक पडला नव्हता. फरक एवढाच की, भारतीयांना ती कामं करू देण्यात आली. अर्थात टंडन स्वतः इंजिनिअरच्या घरातले आणि इंग्लंडमध्ये शिकून चार्टर्ड अकाउंटंट झालेले. दार उघडलं ते आधी त्यांच्यासारख्यांना. पुढची दारं उघडायला तेवढी घाई कुणाला नव्हती.

आता मला रोज दिसणाऱ्या जगाकडे येतो. बाहेरच्याला वाटतं, सॉफ्टवेअर कंपनीत तरी काम आणि बढती यांचं नातं सरळ असेल. कोड चालतो किंवा चालत नाही. पण एकाच दिवशी, एकाच पगारावर रुजू झालेल्या दोन मुलांचं भविष्य पहिल्या प्रोजेक्टवर ठरतं. एकाला सपोर्ट मिळतो: रात्रपाळी, तिकिटं, दुसऱ्या कुणी दहा वर्षांपूर्वी लिहिलेली प्रणाली जागती ठेवणं. दुसऱ्याला नवीन उभारणीचं काम मिळतं, जिथं ग्राहकाबरोबर बैठका असतात, आराखडा काढावा लागतो, निर्णय घ्यावे लागतात. सपोर्टवाल्यानं काम चोख केलं तर काहीच घडत नाही. प्रणाली बंद पडली नाही, एवढंच. आणि न घडलेल्या गोष्टीची स्लाइड करता येत नाही. तीन वर्षांनी टीम लीड निवडताना विचारतात, ‘ग्राहकाला सामोरं जायचा अनुभव कुणाला आहे?’ अनुभव अर्थात त्यालाच, ज्याला तो दिला गेला.

तो पहिला प्रोजेक्ट कसा मिळतो? बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या गप्पांत. वरिष्ठाला मुलगा ‘स्मार्ट’ वाटला पाहिजे. स्मार्ट म्हणजे काय, हे कुठंच लिहिलेलं नसतं. माझ्या आधीच्या एका कंपनीत मी एक मॉड्यूल पहिल्या ओळीपासून लिहिलं होतं. ग्राहकापुढे ते मांडायची वेळ आली तेव्हा सांगण्यात आलं की दुसरा सहकारी मांडेल, त्याचं कम्युनिकेशन चांगलं आहे. त्या बैठकीत मी मागच्या खुर्चीत होतो आणि अवघड प्रश्न आला की माझ्याकडे वळून बघितलं जात होतं. यात त्या सहकाऱ्याचा काही दोष नाही. पण त्या वर्षीच्या नोंदीत ‘ग्राहकासमोर सादरीकरण’ हे त्याच्या नावावर लागलं, आणि पुढच्या वर्षीचं सादरीकरणही मग त्यालाच मिळालं. हे माझ्या एकट्याच्या नशिबी आलेलं नाही. वऱ्हाड-खानदेश-मराठवाड्यातून आलेल्या कुठल्याही इंजिनिअरला विचारा.

पुढचा टप्पा ॲप्रेझलचा. वर्षअखेरीस मॅनेजर मंडळी एका खोलीत बसतात आणि आपापल्या माणसांच्या श्रेणी जुळवतात. वरच्या श्रेणी मोजक्या असतात. तिथं तुम्ही स्वतः नसता. तुमच्या वतीनं कुणी तरी बोलायला लागतं, आणि ते बोलणं आकड्यांचं नसतं, ‘याला मी ओळखतो’ अशा सुराचं असतं. मार्गदर्शक पुष्कळ मिळतात. सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत. पण त्या बंद खोलीत स्वतःची पत पणाला लावून तुमचं नाव काढणारा माणूस वेगळा. रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्येच एका मोठ्या अमेरिकी कंपनीचा अभ्यास करून दाखवलं होतं की, वरच्या जागांवरची माणसं आपल्यासारखीच माणसं वर ओढतात. कारण अनिश्चित कामात विश्वास टाकायचा तर ओळखीच्या साच्यावर टाकणं सोपं जातं. हे लबाडीतून होतं असं नाही, सवयीतून होतं. म्हणूनच ते सुटत नाही.

‘पण कंपनी आपलं नुकसान का करून घेईल? चांगला माणूस हवा तिलाही,’ असा युक्तिवाद नेहमी येतो. कंपन्या नुकसान करून घेतात, आणि त्याचे आकडे आहेत. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू यांनी २०१९ मध्ये १३१ अमेरिकी कंपन्यांतल्या विक्रेत्यांची माहिती तपासली. जो सर्वांत जास्त विकतो त्यालाच मॅनेजर करतात, असं दिसलं. आणि असे मॅनेजर आल्यावर त्यांच्या हाताखालच्यांची विक्री घसरली, असंही दिसलं. म्हणजे बढतीचं गणित चुकू शकतं, वर्षानुवर्षं चुकत राहू शकतं, आणि तरी कंपनी चालू राहू शकते. बाजार सगळं दुरुस्त करतो ही श्रद्धा आहे, निरीक्षण नव्हे.

आता त्या जादूच्या शब्दाकडे येऊ: कम्युनिकेशन. इंग्रजी यायला हवं, यावर वाद नाही. ज्या धंद्याचा ग्राहक शिकागोत बसलाय, तिथं इंग्रजी हे पान्ह्या-पक्कडीसारखं अवजार आहे आणि ते शिकता येतं. पण कम्युनिकेशन या शब्दाखाली जे मोजलं जातं त्यात इंग्रजी थोडं आणि बाकी बरंच काही असतं. मराठीत बोलतानासुद्धा ‘काऊन’ म्हटलं की हशा पिकतो, ‘मले’ म्हटलं की कुणी तरी नक्कल करून दाखवतं. ती नक्कल पुणेरी मराठीची कधी होत नाही, कारण ती म्हणे ‘शुद्ध’. ज्या बोलीत आम्ही विचार करतो ती विनोदाची बोली ठरली की, बोलणारा आपोआप गप्प बसायला शिकतो. आणि मग त्याच्या नोंदीत लिहिलं जातं: चर्चेत सहभाग कमी.

सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २००७ मध्ये दिल्ली परिसरातल्या कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवर एक लेख लिहिला. हे अधिकारी एका तोंडानं फक्त गुणवत्ता बघतो म्हणत होते आणि दुसऱ्या तोंडानं उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ महत्त्वाची मानत होते. वडील काय करतात, घरात कोण शिकलंय, माणूस कुठून आलाय. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी कंपन्यांना पाठवून पाहिले. दलित आणि मुस्लिम नावांना पुढचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी निघाली. हे दारावरचं. आत, शिखरावर काय आहे? डी. अजित, हान डॉन्कर आणि रवी सक्सेना यांनी २०१२ मध्ये देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांची मोजणी प्रसिद्ध केली. सुमारे ९३ टक्के संचालक उच्च जातींचे होते.

म्हणून ‘आम्ही छोट्या गावचे’ एवढं म्हणून थांबणं मला पटत नाही. खामगावात कापूस बाजारातल्या अडत्याचा मुलगाही खामगावचाच आणि झोपडपट्टीतला मुलगाही खामगावचाच. पहिल्याला पुण्यात कुणी तरी मामा-काका असतोच. गावाच्या नावानं गळा काढून जातीचा प्रश्न झाकता येणार नाही. छोटं गाव हा अडथळ्यांपैकी एक. काहींच्या वाट्याला तो एकटा येतो, काहींच्या वाट्याला बाकीच्यांना सोबत घेऊन येतो.

बायकांच्या बाबतीत तर स्वतःचं नाव पुढे करणं हीच शिक्षा आहे. गुगलमध्ये इंजिनिअरनं बढतीसाठी स्वतःचं नाव स्वतःच द्यायची पद्धत होती. तिथल्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१५ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं आहे की, महिला इंजिनिअर अशी नावं कमी देत. एका वरिष्ठानं सगळ्यांना ईमेल करून या फरकाची आठवण करून दिली की प्रमाण सुधारे. एका ईमेलनं सुधारतं ते व्यक्तिमत्त्व नसतं, ती पद्धतीतली खोट असते. आणि आपल्याकडे तर दासबोधातल्या मूर्खलक्षणांपासून आजीच्या टोमण्यांपर्यंत सगळ्यांनी शिकवलंय की, स्वतःची स्तुती स्वतः करू नये. वीस वर्षं मुलांना, आणि त्याहून जास्त मुलींना, हे बजावायचं आणि एकविसाव्या वर्षी ‘स्वतःला विकायला शिका’ म्हणायचं.

पैशाचा भाग कुणी बोलत नाही, म्हणून तो बोलतो. वर जाण्यासाठी थांबता यावं लागतं. दोन वर्षं पगार सोडून एमबीए करणं, कमी पैशांत पण चांगलं काम असलेल्या कंपनीत जाणं, वाईट मॅनेजर असेल तर दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा देणं, हे सगळे करिअरच्या दृष्टीनं शहाणपणाचे निर्णय आहेत. ते ज्याच्या घरी बहिणीचं लग्न, शिक्षणाचं कर्ज आणि कोरडवाहू शेत वाट बघतंय त्याला परवडत नाहीत. तो पगार वाढेल तिथं उडी मारतो. पाच वर्षांत चार कंपन्या झाल्या की त्याच्यासाठी बंद खोलीत बोलणारं कुणीच उरत नाही, कारण कुणीच त्याला पुरेसं ओळखत नाही. यालाच बाहेरून ‘निष्ठा नाही’ म्हणतात. आईचं ऑपरेशन निघालं की रात्रभराचा ट्रॅव्हल्सचा प्रवास करून गावी जाणं आलं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात अमेरिकेहून ग्राहक येतो. जोखीम घेत नाही म्हणून ज्याला हिणवता, त्यानं ती आधीच घेतलेली असते. गहाण ठेवलेली जमीन ही जोखीम नाही तर काय आहे?

इतकं म्हटलं की समोरून एक नाव हमखास येतं: एन. चंद्रशेखरन. तमिळनाडूतलं मोहनूर गाव, तमिळ माध्यमाची सरकारी शाळा, आणि आज टाटा सन्सचे अध्यक्ष. हे उदाहरण मला अडचणीचं वाटत नाही, आवडतं. फक्त ते पूर्ण वाचावं. गावातली सरकारी शाळा शिकवत होती. पुढे त्रिचीचं रीजनल इंजिनिअरिंग कॉलेज होतं, म्हणजे सरकारी पैशावर उभं राहिलेलं आणि निम्म्या जागा स्वतःच्या राज्यातल्या मुलांसाठी राखणारं. १९८७ मध्ये ते टीसीएसमध्ये आले तेव्हा ती कंपनी आजच्या मानानं लहान होती आणि वाढत होती. आणि मग एस. रामदोराई यांनी त्यांना आपला कार्यकारी सहायक म्हणून जवळ घेतलं. निर्णय होतात त्या खोलीत एक तरुण माणूस रोज बसू लागला. त्यांची बुद्धी आणि मेहनत कोण नाकारतो? पण त्यांच्या गोष्टीतून शाळा, कॉलेज आणि ती खुर्ची वजा करा आणि मला उत्तर सांगा. उदाहरण जिद्दीचं म्हणून सांगितलं जातं; ते उघडलेल्या तीन दारांचंही आहे.

आणि आता हा प्रश्न केवळ मान-मरातबाचा राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं, आणि त्यात प्रामुख्यानं मधल्या व वरच्या श्रेणीतले लोक असतील असं सांगितलं. मधल्या पायरीवर अडकलेल्या माणसाला आतापर्यंत फक्त खंत होती, आता धोका आहे. पंधरा वर्षं सपोर्टच्या प्रोजेक्टवर ठेवलेल्या चाळिशीतल्या माणसाला एके दिवशी सांगायचं की, तुझी कौशल्यं जुनी झाली. ती जुनी कुणी ठेवली? त्याच्या घराचे हप्ते अजून बारा वर्षं बाकी आहेत आणि गावाकडचं शेत त्यानं कधीच बटाईनं दिलंय.

मग करायचं काय? सगळी बढती सेवाज्येष्ठतेवर ठेवा, असं मी म्हणणार नाही. नुसती वर्षं मोजणारी व्यवस्था काय करते ते आपण सरकारी कचेऱ्यांत पाहिलं आहे. पण सरकारी व्यवस्थेत एक गोष्ट आहे जी खाजगी कंपन्यांत नाही: लिहिलेला नियम. राज्य सेवेतला अधिकारी आयएएसमध्ये पदोन्नतीनं जाऊ शकतो आणि त्यासाठी एक तृतीयांशपर्यंत जागा नियमानं ठेवलेल्या आहेत. राष्ट्रीयीकृत बँकेत कुठल्या श्रेणीतून कुठल्या श्रेणीत किती वर्षांनी आणि कशाच्या जोरावर जाता येतं, हे धोरण कर्मचाऱ्याला वाचायला मिळतं. अन्याय तिथंही होतो, पण त्याच्यावर बोट ठेवता येतं. खाजगी कंपनीत बोट ठेवायला जागाच नसते. ‘अजून थोडं ग्रूमिंग हवं’ या वाक्याला अपील कुठं करायचं?

माझ्या मागण्या साध्या आहेत. बढतीसाठी नाव द्यायची वाट बघू नका. ठरावीक वर्षं झालेल्या प्रत्येकाचा विचार आपोआप करा आणि नाकारल्याचं कारण लेखी द्या. ‘स्मार्ट’, ‘फिट’, ‘ग्रूमिंग’ हे शब्द मूल्यमापनाच्या कागदावरून काढून टाका. काय येत नाही ते नेमकं लिहा, म्हणजे शिकता येईल. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कामाच्या वाटपाची नोंद ठेवा. सपोर्टवर कोण किती वर्षं आहे आणि नवीन काम कुणाला मिळालं, हे दर वर्षी बघा आणि माणसं अदलाबदल करा. जी कंपनी प्रत्येक सर्व्हरवरचा भार सेकंदागणिक मोजते आणि एकावर जास्त पडला की दुसरीकडे वळवते, तिला हे जमत नाही असं सांगू नका. लोड बॅलन्सिंग आम्हीच लिहून दिलंय.

थोडं आपल्याकडेही बघायला हवं. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा छोटा फाटा टाकला गेला, तो गावातला कापूस बाहेर न्यायला. गाठ बांधून पाठवली की आपलं काम संपलं, ही सवय आम्हाला तेव्हापासूनची आहे. आता पोरं पाठवतो. कॉलेजांच्या फ्लेक्सवर मुलामुलींचे फोटो आणि खाली पहिल्या पगाराचा आकडा असतो. शेगावचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ पासून चालू आहे. अमरावती विद्यापीठाच्या हद्दीत तशी आणखी कितीतरी आहेत. यातल्या प्रत्येकाकडे पंधरा-वीस वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुलांची यादी आहे. ती मुलं आज कुठल्या पदावर आहेत, कुठं अडकली, कुणी सोडून दिलं आणि मुली कितव्या वर्षी गळाल्या, हे विचारून छापायला फार खर्च येणार नाही. पहिला पगार ही गाठीची किंमत झाली. पुढं त्याचं कापड झालं की चिंध्या, हे कळलं तर प्रवेश घेणाऱ्या मुलीला आणि जमीन गहाण टाकणाऱ्या बापाला निदान खरा भाव कळेल.

आणि आमच्यातले जे कुणी त्या बंद खोलीत पोचले आहेत, त्यांना एकच विनंती. गावात सत्कार घ्यायला या, शिबिरात जिद्दीवर बोला, सगळं करा. पण पुढच्या ॲप्रेझलला मागच्या खुर्चीत बसणाऱ्या एकाचं तरी नाव काढा, आणि ते स्वतःची पत लावून काढा. भाषणापेक्षा ते महाग पडेल.